दोर मोकळा

हर्षेवाडीच्या वाटेवर आई लिंबूसरबत विकायची,
मी ग्लास विसळायचे.
सुट्टीच्या दिवशी हरिहरच्या पायऱ्यांवर
माणसांचं चऱ्हाट लागायचं.
चढणारे खाली बघायचे टाळत,
उतरणाऱ्यांना बघावंच लागे.

एकदा एक बाई मधेच थिजली.
बोटं खोबणीत, डोळे गच्च मिटलेले.
नवरा वरून ओरडतोय, "अगं, काही होत नाही!"
पाय तिचे लटपटत होते, त्याचे नाही.

मी तेव्हा बाराची, अनवाणी.
तिच्या खालच्या पायरीवर जाऊन उभी राहिले,
तिची टाच तळव्यात घेतली आणि ठेवली.
मग दुसरी.
त्या दिवशी पायऱ्या नाही मोजल्या,
टाचा मोजल्या.

खाली तिनं शंभराची नोट दिली.
आई म्हणाली, सरबत प्याली असल तर वीस काप,
बाकीचं परत दे.
टाच धरायचं पैसं नसत्यात.

*

पगारे सर नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त.
तीस वर्षं नोटांतली खोट शोधलेली बोटं
दर रविवारी पांडवलेणीमागच्या कातळावर
दोरावरून फिरवायचे, वीत-वीत.
"दोरावर विश्वास नाही ठेवायचा, मथुरा.
दोर तपासायचा.
विश्वास घरी ठेवून यायचा."

तीन वर्षं मी सगळ्यात शेवटी चढले.
पुढच्यांनी ठोकलेल्या मेखा उपसत,
कॅराबिनर कमरेला अडकवत,
गुरासारखी खुळखुळत.
हातभर अंतरात दोन मेखा दिसल्या
की समजायचं, पुढचा इथं घाबरला होता.
सांगितलं मात्र कुणालाच नाही.

कातळ नंतर कळला.
हातोडीला खणखणीत बोलला तर धरायचा,
बद्द वाजला तर सोडून द्यायचा.
अंजनेरीला एक दगड छान बोलला
आणि हातात आला.
मी आणि तो, पंधरा फूट.
दोरानं मला धरलं, त्याला नाही.

मनगट प्लॅस्टरमध्ये होतं तेव्हाच
घोटीहून पाहुणे आले.
"भाकऱ्या थापता येतील ना पुढं?"
बाबा जीपचं बॉनेट उघडून
बराच वेळ आत काहीतरी शोधत राहिले.

*

उत्तरकाशीच्या कोर्ससाठी दोन बोकड गेले.
बर्फात माझ्या पायांना काही ऐकूच येईना.
चौथ्या दिवशी आलं, जरासं.

परत आल्यावर त्र्यंबकच्या बँकेत
खिडकीमागच्या माणसानं विचारलं, व्यवसाय?
गाईड, म्हटलं.
मंदिराच्या का?
नाही, कड्याच्या.
त्यानं पेन दोनदा झटकलं, लिहिलं: इतर.

लोक अजून येतात आणि सामान उचलणाऱ्या रवींद्रला
विचारतात, गाईड कुठाय?
तो हनुवटीनं दाखवतो.
मी दोराचं टोक कमरेला बांधत असते,
आठाची गाठ, पुन्हा एकदा आठ.
मग दरावरून घासाघीस.
मी एक रुपया सोडत नाही.
आई, टाच धरायचे पैसे असतात.
फार उशिरा कळतं, एवढंच.

*

आज हडबीची शेंडी.
पाचजण वर आणले, पाचही खाली सोडतेय.
चढताना मी पहिली होते, उतरताना शेवटची.
चौथीला कड्यावरून पाय मागे टाकवेना,
मी म्हटलं, घाबर. घाबरून टाक.
टाकला.

आता पाचवाही पोचला.
खालून ओरडतोय, दोर मोकळा!
हातातलं वजन एकदम जातं.

अंकाई स्टेशनात मालगाडी सिग्नलला थांबलीय.
माथ्यावर गवत, एक सरडा, मी.
हरिहर इथून दिसत नाही.

मेख हातोडीनं ठोकून बघते.
गाठ बघते.
परत बघते.
खालून कुणीतरी, मॅडम, येताय ना?

येते.
मालगाडी हलू दे.